एकशे बारा खुंट

शनिवार, सतरा ऑक्टोबर. सकाळची शाळा करून आले, चार घास खाल्ले आणि ओसरीवर सीताफळं निवडायला बसले. चंद्राबाईनं डोंगरावरून दोन टोपल्या आणून टाकल्या आहेत. काम सोपं आहे, पण घाईनं होत नाही. फळाच्या खवल्यांमधल्या रेघा फिक्या पिवळ्या झाल्या की इकडे म्हणतात, डोळे उघडले. तशी फळं एका बाजूला ठेवायची, ती वाळल्या गवतात दोन दिवसांत पिकतात. ज्यांचे डोळे अर्धवट आहेत ती दुसऱ्या बाजूला. आणि ज्यांचे उघडलेच नाहीत ती गवतात घालून काही उपयोग नाही. ती पिकत नाहीत, काळी पडून दगड होतात. अशी आज अकरा निघाली. चंद्राबाईला आता नीट दिसत नाही. मी तिला काही म्हणत नाही, अकरा फळं उकिरड्यावर टाकते.

माझे यजमान यशवंतराव समोर बाजेवर पडून आहेत. एरवी ते एस.टी.वर ड्रायव्हर आहेत, मोताळ्याहून घाट चढून बुलढाण्याला गाडी नेतात. महिन्यापूर्वी विहिरीच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि नडगीचं हाड मोडलं. सैन्यातून परत आल्यापासून सीताफळांच्या दिवसांत डोंगरावर गेले नाहीत असं हे पहिलंच वर्ष. मघाशी त्यांनी एक फळ मागून घेतलं, हातात तोललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे यंदा लहान काऊन?"

मी म्हटलं, चंद्राबाईला विचारा.

"ते आणते नुसतं. पाह्यते कुठी?"

माझा हात थांबला. दहा वर्षांपूर्वी असेच सीताफळांचे दिवस होते, मी ह्याच ओसरीवर बसले होते आणि ह्याच माणसाचे असेच प्रश्न माझ्यापुढे होते. तेव्हा ते बाजेवर नव्हते. समुद्रापलीकडे गाझा म्हणून वाळूचा एक पट्टा आहे, तिथं होते.

महाराष्ट्र झालं त्या वर्षीची ही गोष्ट. दोन देशांमध्ये भांडण होऊ नये म्हणून मध्ये उभं राहायला निरनिराळ्या देशांतून सैनिक नेले होते. आपलेही नेले होते. त्या सगळ्यांना एकाच निळ्या रंगाची टोपी. हे रसद पोचवणाऱ्या ट्रकवर होते. त्यांना पत्र लिहायचं तर पत्त्यात गाव नसायचं, नुसते आकडे. उलट त्यांच्या पत्रावर आमचा पत्ता मात्र लांबलचक असे आणि शेवटी 'मुंबई राज्य' लिहिलेलं असे. मे महिन्यानंतर मी कळवलं की आता महाराष्ट्र लिहायचं. पुढच्या पत्रावर त्यांनी आधी मुंबई राज्य लिहिलं, मग खोडलं, मग महाराष्ट्र लिहिलं. माझ्या सासूबाईंनी ते खोडलेलं पाहून विचारलं होतं, "गाव हाललं का थोडंसं?"

आमचं गाव रोहिणखेडच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी आहे. पाठीशी डोंगर आहे हे मी लग्न होऊन आल्यावर आठ दिवसांत पाहून घेतलं आणि विसरून गेले. मी साखरखेर्ड्याची. काळी सपाट रानं, दृष्टी जाईल तिथवर ज्वारी. आम्हांला डोंगराचा उपयोग म्हणजे सूर्य कुठं मावळला ते कळतं, एवढाच. सासूबाई मला टोचून म्हणत, "साखरखेर्ड्याच्या लोकायले डोंगर म्हंजे मोठा उकिरडा." त्यात खोटं नव्हतं. सरपण आणायला मी पहिल्या टेकाडापर्यंत जाई. त्यापुढे काय आहे, हे विचारायची गरज मला सात-आठ वर्षांत वाटली नव्हती. सातवी पास होते, गावच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवत होते, आणि मला पुष्कळ काही येतं अशी माझी समजूत होती.

त्यांची पत्रं म्हणजे प्रश्नपत्रिका. सुरुवातीला जयभीम, आईला नमस्कार, मी खुशाल आहे. मग दोन ओळी तिकडच्या. इथं चढ नावाला नाही. गाडीचा गिअर बदलायला कारण मिळत नाही. वाळू भाजीत येते, कानात येते, घड्याळात जाते. आपण बांधावर कुंपणाला लावतो तो फड्या निवडुंग इथंही बांधावर आहे, पण इथले लोक त्याची फळं सोलून खातात, आणि गोड लागतात. हे वाचून सासूबाई दोन दिवस बांधावरच्या निवडुंगाकडे संशयानं पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक फळ चिमट्यानं तोडलं, चुलीत कूस जाळून खाल्लं, आणि तोंड धुतलं.

त्या दोन ओळींनंतर प्रश्न सुरू. मागच्या खोऱ्यातल्या झऱ्याला पाणी किती आहे, घोट्याएवढं की पोटरीएवढं? झऱ्यावरच्या चार सीताफळांना फळ धरलं का? झऱ्याच्या डाव्या अंगाचा मोठा धावडा उभा आहे ना? त्याच्या आणि मोहाच्या मध्ये किती पावलं असतील? अस्वलाची वाट अजून कड्याखालूनच जाते का? बायकोची तब्येत, शाळा, भिंतीची पडझड, ह्यांबद्दल पत्रात एक अक्षर नसे. मला राग यायचा असं नाही. मला कळत नसे, हे जास्त खरं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस, ट्रक चालवतो, त्याला झाडांमधली पावलं कशाला हवीत?

उत्तरं मी सासूबाईंना विचारून लिहीत असे. मागच्या खोऱ्यात त्यांची हयात गेली होती. मोहफुलं, डिंक, चारोळ्या, बिब्बे, सगळं त्यांनी पाठीवरून खाली आणलं होतं, आणि पोरगं कमरेला बांधून वर नेलं होतं. त्या डोळे मिटून सांगत, "लिही, भादव्यात पानी पोटरीएवढं." मी लिही. "लिही, सीताफयं लदली हाय." मी लिही. धावडा उभा आहे. धावड्यापासून मोहापर्यंत वीस पावलं. शेवटी माझ्या अक्षरात एक ओळ ठरलेली: मागचं खोरं जसंच्या तसं आहे. शाळेत एखाद्या पोरानं शेजाऱ्याचं पाहून गणित उतरवलं तर मी त्याला उभं करत असे. इथं मी स्वतः तेच करते आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. सासूबाईंचे गुडघे गेल्याला पाच वर्षं झाली होती. त्या मला डोंगर सांगत होत्या तो पाच वर्षांपूर्वीचा होता.

सप्टेंबर सरताना पत्र आलं, त्यात पहिल्यांदाच प्रश्नांखेरीज काही होतं. नोकरीची पंधरा वर्षं भरत आली आहेत. सुभेदारसाहेब विचारतात, पुढं वाढवून घेतोस का? नोव्हेंबरअखेर सांगायचं आहे. इथं लोक चांगले आहेत, कामाचा कंटाळा नाही. पण तू मागच्या खोऱ्याबद्दल लिहितेस ते वाचून वाटतं, आता घरी यावं. मी साहेबांना 'नको' सांगायचं ठरवत आहे.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं नाही. फक्त थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "अजून येकडाव वाच." मी वाचलं. मग त्यांनी ज्वारीतले खडे वेचले, नसलेले सुद्धा.

ऑक्टोबरात पिंपळगाव राजाचा सखाराम आला. तो ह्यांच्याच तुकडीत, रजेवर घरी आला होता आणि जहाज पकडायला परत जायचा होता. पोरगेला, बोलका, काळ्या चेहऱ्यावर कपाळाची टोपीखालची पट्टी तेवढी उजळ. सासूबाईंनी त्याला सीताफळं दिली, तो बिया हातात गोळा करत बोलत राहिला, आणि त्याच्याकडून आम्हांला जे कळलं ते ह्यांनी एका पत्रात लिहिलं नव्हतं.

सैन्यात म्हणे डोंगर-नाले समजावून सांगायला वाळूचा नमुना करतात. लाकडी चौकट, तिच्यात ओली वाळू, वाळूच्या टेकड्या, निळ्या दोऱ्याच्या नद्या, काड्यांची झाडं. ट्रकांच्या शेडमागे ह्यांनी असा एक नमुना स्वतःसाठी केला होता. त्याचं कारण एक परदेशी शिपाई. बर्फाच्या देशातला, उंच, उन्हानं कान सोललेला. त्यानं आपल्या गावच्या डोंगराचा फोटो सगळ्यांना दाखवला आणि खुणेनं ह्यांना विचारलं, तुझा? ह्यांच्याकडे फोटो नव्हता. मग ह्यांनी वाळू भिजवली.

"बाई, तुमचं पत्र आलं का हे आधी शेडमागं जातात," सखाराम म्हणाला. "वाचतात अन् काड्या हालवतात. वीस पावलं लिहिलं होतं न तुम्ही? त्या दिवशी धावडा उपटून दुसरीकडं लावला. आम्ही म्हनलं, यशवंतदादा, झाड हाय का टपालाचा खांब?"

तो हसला, सासूबाई हसल्या. मी हसले नाही. माझ्या मनात एकच गोष्ट आली: ती वीस पावलं कुणी मोजली होती?

निघताना सखारामनं निरोप सांगितला. ह्यांना झऱ्यातला एक दगड हवा होता, मुठीत मावेल एवढा. नमुन्यात झऱ्याच्या जागी ठेवायला. सखाराम पुढच्या गुरुवारी निघणार होता. बुधवारपर्यंत पिंपळगावला पोचवा, म्हणाला.

रविवारी मी चंद्राबाईबरोबर डोंगर चढले. चंद्राबाई आमच्या शेजारची. सीताफळं गोळा करून मोताळ्याच्या बाजारात विकणं हा तिचा पिढीजात उद्योग. ती पुढच्या उतारावरच थांबणारी होती. मी म्हटलं, मला मागच्या खोऱ्यात जायचं आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तिकडं काय ठेवलं हाय आता, मास्तरीनबाई?"

मी म्हटलं, झरा आहे. तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि ती पुढं चालू लागली.

मला त्या चढाची पहिली आठवण म्हणजे माझा स्वतःचा श्वास. दुसरी वासाची. वाळत आलेलं गवत, शेळ्यांच्या लेंड्या, आणि मध्येच कुठं तरी झाडावरच पिकून फुटलेल्या सीताफळाचा गोड जड वास. तो वास आला की मुंग्या कुठं असतील ते चंद्राबाई आधीच सांगे. वाटेत अस्वलाची विष्ठा पडली होती, काळ्या चकचकीत बियांनी भरलेली. मी लुगडं सावरून बाजूनं गेले. ती वाकली आणि काडीनं उकरून म्हणाली, परवाची आहे. मग म्हणाली, "थे जिथं बसते तिथं पुढच्या साली सीताफय उगवते. आमच्यापेक्षा थेच जास्त शेती करते." कड्यावर पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं. रोहिणखेडची जुनी मशीद खाली काडेपेटीएवढी दिसत होती. आठ वर्षं मी त्या पायथ्याशी राहत होते आणि आपलं घर वरून कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या छपरावर एक लुगडं वाळत होतं. ते माझंच होतं, आणि वाऱ्यानं एका टोकाला सुटलं होतं.

मग आम्ही पलीकडे उतरलो.

खोरं मोकळं होतं. आधी मला काही चुकलं आहे असं वाटलंच नाही, कारण आधी काय होतं ते मी पाहिलं नव्हतं. भरपूर ऊन होतं, गुडघाभर गवत होतं, आणि गवतातून सगळीकडे खुंट वर आलेले होते. मागच्या हिवाळ्यात तिथं कूप पडला होता. म्हणजे जंगलाचा तो तुकडा तोडणीला काढला होता. ठेकेदाराच्या गाड्या पलीकडच्या वाटेनं उतरल्या, आमच्या गावात चाकाचा आवाजही आला नाही. झरा होता. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. झऱ्याच्या डाव्या अंगाला धावड्याचा खुंट होता, मी दोन्ही हात पसरले तर जेमतेम कवेत येईल एवढा. त्यावर कुऱ्हाडीचे घाव अजून ताजे वाटत होते. मोह राहिला होता, मोह तोडत नाहीत. आणि झऱ्यावरची चार सीताफळं उभी होती, लदलेली. सासूबाईंचं सांगणं तेवढं खरं निघालं होतं.

मी चंद्राबाईला विचारलं, तू हे मला आधी का नाही सांगितलंस?

"तू इचारलंच कुठी?" ती म्हणाली. तक्रारीनं नाही, अगदी सरळ. नंतर ती सीताफळं पाहायला गेली.

मी धावड्याच्या खुंटावर बसले. रडले वगैरे नाही. मला खरोखरच प्रश्न पडला होता. ते तिकडे काड्या खोचत आहेत, माझ्या अक्षरावरून. त्या काड्यांच्या भरवशावर ते नोकरी सोडणार आहेत. मी कळवलं तर ते कदाचित येणार नाहीत. नाही कळवलं तर येतील, पिशवी ठेवतील आणि सरळ इथं येतील, आणि ह्या खुंटावर बसतील. मग माझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीचं काय? उठले आणि धावड्यापासून मोहापर्यंत पावलं मोजली. एकतीस भरली.

त्यानंतर मला थांबता येईना. मोजणं हा माझा धंदा आहे. झऱ्याच्या दोन्ही अंगांना, कड्याच्या सावलीपर्यंत, मी सगळे खुंट मोजले. दहा झाले की एक खडा पदरात टाकायचा. मोजताना आणखी एक दिसू लागलं जे वरून दिसलं नव्हतं. पुष्कळ खुंटांना फुटवा होता. कुठं कमरेएवढा, कुठं माझ्या खांद्याला लागेल एवढा, कोवळा, तांबूस पानांचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि फुटलेले वेगळे मोजले. खुंट एकशे बारा. फुटवा असलेले एकोणऐंशी. शेवटी झऱ्यातून मुठीत मावेल असा एक दगड उचलून पदरात बांधला. चंद्राबाई टोपली भरून येऊन बसली होती. ती म्हणाली, "सरकारनं पाठोलं का तुले?"

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. धावडा गेला म्हटल्यावर त्यांनी एकदा मान हलवली, कुणी ओळखीचं गेल्याचं कळावं तशी. मग म्हणाल्या, "हे लिहू नको."

मी म्हटलं, मामी, लिहावं लागेल.

"बाकी सारं लिही. दगड पाठोव. ही येक ओय नको लिहू." त्यांचा आवाज वाढला नव्हता. "पंधरा सालं झाले. पोरगा घरी येऊन राह्यला. तुले नको काय तो?"

मला हवा होता. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, तशी आमच्यात पद्धत नव्हती. मी एवढंच म्हटलं की आजवर मी त्यांना न पाहिलेला डोंगर लिहिला, आता पाहिलेला लिहिला नाही तर मला शाळेत उभं राहता येणार नाही. त्या म्हणाल्या, शाळेचं घरात आणू नको. आणि भाकरी थापायला वळल्या. त्या रात्रीच्या भाकऱ्या जाड झाल्या होत्या.

पत्र मी दुसऱ्या दिवशी शाळेतच लिहिलं, मधल्या सुट्टीत. असं पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही. मागची उत्तरं मी आईंना विचारून लिहिली होती, स्वतः पाहिलं नव्हतं, ती चूक माझी. पाणी घोट्याच्या खाली. धावडा तोडला. धावड्यापासून मोहापर्यंत पावलं एकतीस, माझी पावलं, तुमची कमी भरतील. सीताफळं चार, चारही लदलेली. अस्वलाची वाट कड्याखालूनच जाते, परवाची खूण पाहिली. खुंट एकशे बारा, फुटवा एकोणऐंशींना. घरी या की येऊ नका, ह्याबद्दल मी काही लिहिलं नाही. ते मोजता येण्यासारखं नव्हतं. बुधवारी पिंपळगावला जाऊन सखारामच्या हातात पत्र आणि दगड दिला. दगड त्यानं रुमालात बांधला आणि विचारलं, पत्रात काय, खुशाली ना? मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या दिवसांत सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, पण टपालाबद्दल नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की त्या आत जात. नोव्हेंबर संपत आला. सीताफळांचा हंगाम संपला, झाडावर उरलेली काळी पडली. मी वर्गात पाढे घेत होते आणि मनात माझं वेगळंच चाललं होतं: आज सही केली असेल? काय सही केली असेल? मला अजूनही नवल वाटतं की त्या दिवसांत मला भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. ह्या माणसाशी संसार करून आठ वर्षं झाली होती, आणि एवढी एक गोष्ट कळली तर तो काय करील, हे मला सांगता येत नव्हतं. मी त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. प्रश्न नेहमी त्याचे असायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. सासूबाई ह्या वेळी आत गेल्या नाहीत. मी उभ्या उभ्या फोडलं. जयभीम, आईला नमस्कार, मी खुशाल आहे. दगड मिळाला. त्यानंतर नोकरीबद्दल नाही, येण्याबद्दल नाही, रागाचा शब्द नाही. प्रश्न होता.

फुटवा खुंटाच्या बुडातून आहे की वरच्या कडेवरून? वरच्या कडेचा असेल तर टिकत नाही, खुंट कुजला की तो वाऱ्यानं फाटून पडतो. तो कोयत्यानं काढून टाक. बुडातल्यांपैकी सरळ पाहून एकच ठेव. कुठे किती आहेत ते लिही.

मी वाचून संपवलं. सासूबाई म्हणाल्या, "म्होरं?"

म्हटलं, एवढंच आहे.

"याले आता खुंटाचीबी चौकशी," त्या म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. थोड्या वेळानं आतून कोयता आणून माझ्यापुढे ठेवला. "जाय, पाह्यून ये. अन् येतानी काड्या आनजो. खाली हातानं नको येऊ."

तो हिवाळाभर मी रविवारी वर जात होते. नाकेदारानं, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्यानं, मला एकदा हटकलं. फुटवे कापायला मनाई आहे म्हणाला. मी त्याला एक खुंट दाखवला, वरच्या कडेचा फुटवा अंगठ्यानं ढकलला, तो सालीसकट सुटून आला. त्यानं मग स्वतः दुसरा ढकलून पाहिला, तिसरा ढकलला, आणि विचारलं, हे तुम्हांला कुणी शिकवलं? मी म्हटलं, वाळवंटातल्या ड्रायव्हरनं. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं आहे. पण पुन्हा हटकलं नाही.

चैत्रात हे आले. लोखंडी पेटी, निळी टोपी, आणि कान थेट त्या परदेशी शिपायासारखे सोललेले. आईच्या पाया पडले, चहा घेतला, आणि डोंगरावर गेले. मी बरोबर गेले नाही, शाळा होती. परत आल्यावर मी तो एक प्रश्न विचारला जो मला सहा महिने विचारायचा होता. खोरं तुटलं हे कळल्यावरही आलात ते का?

त्यांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "मंग?" ते म्हणाले. "पाहाले नको?"

वाळूच्या नमुन्याचं पुढं काय झालं, ते मला त्याच पावसाळ्यात सखारामनं सांगितलं. तोही परत आला होता. माझं पत्र वाचल्यावर ह्यांनी मागच्या खोऱ्यातल्या काड्या एकेक उपटल्या, सगळ्या मोडून आखूड केल्या आणि परत त्याच जागी खोचल्या. एकशे बारा. दुसऱ्या दिवशी कुठून तरी हिरवा दोरा पैदा केला आणि एकोणऐंशी काड्यांना गुंडाळायला बसले. पण दोरा बुडाशी बांधायचा की टोकाशी, हे माझ्या पत्रात नव्हतं. तो बर्फाच्या देशातला शिपाई रोज येऊन बघायचा आणि खुणेनं विचारायचा, झालं का? हे मान हलवायचे. निघायच्या दिवशी त्यांनी चौकट त्याच्या हवाली केली. पुढं काय झालं ते सखारामला माहीत नाही. माझं दुसरं पत्र, बुडाशी एक्कावन्न, वरच्या कडेला अठ्ठावीस, मी हिवाळा सरताना सगळी मोजणी पुरी करून टाकलं होतं; ते हे तिथून निघाल्यावर पोचलं असणार. ते कुणी उघडलं का, आणि मराठी कुणाला वाचता आलं का, ह्याचा मी अजून कधी कधी विचार करते.

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मागच्या खोऱ्यात आज जे आहे ते त्यांनी पाहिलेलं नाही, आणि त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं नाही. तोडणीनं ऊन आत आलं, अस्वलानं आपली शेती केली, आणि धावड्यांच्या मधली सगळी जागा सीताफळांनी भरली. चाराची शंभर झाली असतील. हे ज्या खोऱ्यासाठी वाळवंटात झुरले ते आजचं खोरं नव्हे. पण तक्रार करताना मी त्यांना ऐकलेलं नाही. दरवर्षी येऊन सांगतात, ह्या धावड्याचा एवढा बुंधा झाला, तिथं एक आवळा आला आहे, कुठून आला कुणास ठाऊक.

दोन्ही टोपल्या निवडून झाल्या. गवत घातलं, वर पोतं टाकलं. हे मघापासून त्या लहान फळाच्या रेघांवरून अंगठा फिरवत आहेत. म्हणतात, झाडं दाटली असतील. का पाणी कमी असेल? का नवी रोपं आहेत, पहिल्याच बहराची? मी म्हटलं, मला काय ठाऊक. आणि म्हणून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

वरचं सगळं काल लिहिलं. आज रविवार. सकाळी भाकरी करून ह्यांच्या उशाशी झाकून ठेवली, पाण्याचा तांब्या आणि काठी हाताशी ठेवली. पिशवीत वही, पेन्सिल आणि कोयता घेतला. चंद्राबाईला हाक मारली नाही. ऊन चढायच्या आत मी कड्यावर होते. पलीकडे उतरून झऱ्यात पाय घातला. पाणी घोट्याच्या वर, चार बोटं. ते लिहून घेतलं, आणि डाव्या अंगाच्या धावड्यापासून मोजायला सुरुवात केली.